परतवाडा डेपोचं विमान

पैज लागली ती चहा पेता पेता, अन् लावली बद्रुद्दीननं. अमरावतीतल्या त्याच्या सायकलच्या दुकानासमोर रोज सकाळी चार टाळके जमत, त्यात खुशालराव हमखास असे. खुशालराव म्हंजे एसटीतून रिटायर झालेला ड्रायवर, परतवाडा डेपोचा, सारी नोकरी चिखलदऱ्याच्या घाटात गेलेली. त्या दिवशी तो सहज बोलून गेला का ज्याले घाट साधला त्याले काहीबी साधते, मंग ते विमान का असेना. बोलला अन् फसला. बद्रुद्दीन अशा वाक्याची वाट पाहत बसेल असे, मांजर जशी दूधवाल्याची पाहते तशी.

ते कास्तकारायसाठीच्या सरकारी पॅकेजचं वर्ष होतं. कपाशीले भाव नाही, सोयाबीन शेंगेतच वाळून गेलं, अन् दिल्लीचे टीव्हीवाले अमरावतीत येऊन रडके चेहरे तेवढे वेचून घेऊन गेले. गल्लीत कोणी मोठ्यानं हसलं तर लोक वळून पाहत का याले झालं काय. बद्रुद्दीनचं म्हणणं असं होतं का हसूबी सायकलच्या चेनीसारखंच असते, वापरलं नाही का गंजते. म्हणून तो रोज कोणाची ना कोणाची खोडी काढे. मागं त्यानं खुशालरावच्या दारावर 'येथे पंढरपूर, शेगाव, तिरुपती रिझर्वेशन मिळेल' अशी पाटी लटकवली होती. दुपारपर्यंत त्याच्या बायकोनं, जमुनावहिनीनं, सतरंजी टाकून लोकायले पाणी पाजलं, अन् दोन म्हातारे तर जेवूनच गेले.

विमान गल्लीतच होतं. बद्रुद्दीनची पोरगी आरजू दुकानाच्या बाजूले नेट कॅफे चालवे. तिथून बातम्या पाठवणारा एक कॅमेरावाला जाताना तिले विमान उडवायच्या खेळाची सीडी अन् हँडल भेट देऊन गेला होता. आरजू त्यात पक्की झाली होती. तिच्याकडं सारे विमानं होते, पण तिचा जीव एकावरच, पन्नास वर्षं जुन्या टर्बोप्रॉपवर. दोन पंख्याचं, लांब नाकाचं. बद्रुद्दीन त्याले पंख फुटेल कूलर म्हणे.

शर्त ठरली. खुशालरावनं ते विमान उडवायचं, समुद्राच्या काठाकाठानं न्यायचं अन् साबूत उतरवायचं. उतरवलं तर बद्रुद्दीन हरला, पडलं तर खुशालराव. जो हरला त्यानं अमरावतीच्या स्टँडवर परतवाड्याच्या गाडीत हवाईसुंदरी व्हायचं. दारात हात जोडायचे, गोळ्या वाटायच्या, अन् पट्टा कसा बांधाव ते पॅसेंजरायले करून दाखवायचं.

खुशालरावचा पोरगा अमोल तिथंच जीप पुसत होता. मागच्या दिवाळीत खुशालरावनं तीच जीप फाटकाले घासली होती, तवापासून अमोल चाबी खिशात घेऊनच झोपे. बापाचा हात गेला, असं तो चारचौघात बोलेबी. खुशालरावची इच्छा एवढीच होती का एकडाव जमुनाले आपल्या हातानं गाडी चालवत चिखलदऱ्याले न्याव. जिंदगी गेली होती त्याची दुसऱ्यायच्या बायकायले चिखलदरा दाखवता दाखवता.

अमोल हसत हसत मनला, "बाबा, ते विमान उतरवलं ना तुमी, तर जीपची चाबी तुमची."

सारे हसले. खुशालराव हसला नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला अन् मनला, "शब्द?"

"शब्द," अमोल बोलला, पण मंग त्याचंबी हसू जरा बारीक झालं.

बद्रुद्दीनच्या कानात हे शिरलं, डोक्शात नाही शिरलं. त्याच्या डोक्शात लिपस्टिक होती. खुशालरावच्या पांढऱ्या मिशीखाली लाल शोभन का गुलाबी, याच्यात तो गुंतला होता.

इतवारी नमाज-पूजा आटोपून सारी गल्ली कॅफेत कोंबली गेली. खुशालराव खाकी घालून आला होता. जमुनावहिनीनं त्याले इस्त्रीबी मारली होती. आरजूनं समजावून सांगतलं, हे हँडल, हा रेस द्यायचा दांडा, हे चाकं वर घ्यायचं बटण. खुशालरावनं मान डोलवली, खुर्ची पुढं ओढली, नसलेला आरसा सरळ केला. पडद्यावर पंखे घुमू लागले. धावपट्टी मोकळी. 

खुशालराव बसूनच.

आरजू मनली, "काका, चला ना."

"बेल नाही झाली," खुशालराव मनला.

कोणाले समजेचना. मंग त्यानंच सांगतलं का कंडक्टरनं डबल बेल देल्ल्याशिवाय आपण गाडी हालवली नाही, अन् आता या वयात कायदा मोडत नाही. गल्ली खदखदली. बद्रुद्दीनच्या तर आंगात आनंद मावेना. तो धावत दुकानात गेला, सायकलची एक नवी घंटी घेऊन आला अन् खुशालरावच्या पाठीशी उभा झाला. ट्रिंग ट्रिंग. खुशालरावचा हात आपोआप दांड्यावर गेला, दांडा पुढं, अन् कूलर उडाला.

खाली जे दिसलं ते पाहायले सारे पुढं सरकले. वऱ्हाडात समुद्र कोण पाहेल असते. काळे कडे सरळ पाण्यात उतरेल, त्यायच्या पायाशी पांढरा फेस, मधातच सुळके उभे, जसे कोणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या गाडून ठेवल्या. कोणी इचारलं, गोवा होय का हे. आरजू मनली, परदेश आहे, भल्ला दूर. खुशालराव डोळा न हालवता उडवत होता. डोंगर डाव्या हाताले, खोल उजवीकडं. वळण आलं का तो खुर्चीतच कलंडे, अन् त्याच्यासंगं सारी गल्ली कलंडे. समोर पक्ष्यायचा थवा आला तर त्यानं टेबलावर तळहात मारून हॉर्न देल्ला. पक्षी बाजूले झाले. जमुनावहिनीनं शेजारणीकडं अशा तोऱ्यात पाहलं जसे ते पक्षी तिच्याच घरचे.

बद्रुद्दीनले घाम फुटला. हा बुढा तर नेऊन राहिला. लिपस्टिक त्याच्याच व्हटाकडं येऊन राहिली होती. अन् तवाच त्याले हातातली घंटी आठवली. दोन म्हंजे चाल. अन् एक म्हंजे?

विमान एका कड्याजवळून खाली खाली चाललं होतं. बद्रुद्दीननं घंटी पाठीमागं धरली अन् एकच वाजवली. ट्रिंग.

खुशालरावनं इचार केलाच नाही. हातानं दांडा मागं ओढला, पायानं टेबलाच्या खुराले ब्रेक मारला, अन् मान वळवून इचारलं, "कोण उतरून राहिलं?"

विमान उतरून राहिलं होतं. पंख्यायचा आवाज बसला, नाक झुकलं, समुद्र पडद्यात फुगू लागला. आरजू ओरडली. खुशालराव दांड्यावर हात ठेवून तसाच बसला, कारण बेल एक झाली होती, अन् दुसऱ्या बेलीशिवाय निघायचं नसते. हे त्याच्या हाडात होतं, डोक्शात नाही. बद्रुद्दीनले हसू फुटलं. जिंकलो, त्यानं मनातल्या मनात गुलाबी ठरवला.

हसता हसता त्याची नजर अमोलवर पडली. अमोलनं शर्टाच्या खिशातली चाबी काढली होती, अन् तो ती पँटच्या खोल खिशात सरकवत होता. हळूच, कोणाले दिसू नये असं. जमुनावहिनीनं मात्र ते पाहलं होतं. तिनं पडद्याकडं पाहणंच सोडलं अन् पायातल्या चपलेकडं पाहत राहिली.

बद्रुद्दीनचं हसू अर्ध्यातच अडकलं, उचकी लागल्यासारखं. गंमत करता करता आपण कोणाच्या चिखलदऱ्यावर बसलो, हे त्याले त्या घडीले समजलं. त्यानं स्वतःले एक इरसाल शिवी देल्ली, घंटी वर उचलली अन् साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी दाबली. ट्रिंग ट्रिंग.

खुशालरावनं दांडा पार पुढं रेटला. पंखे बोंबलले. पाणी इतलं जवळ आलं का पुढच्या रांगेतल्यायनं पाय वर घेतले. पोट घासता घासता विमान उठलं, कडा चढलं, अन् कॅफेत असा गलका झाला का चौकातून पोलीस पाहायले आला अन् पाहायले थांबला.

विमानतळ कड्याच्या माथ्यावर होतं, सपाट, पुढं पुन्हा समुद्र. आरजू वेग सांगे, उंची सांगे. खुशालराव पुटपुटे का उतारावर न्यूट्रल मारू नये. पहिले आपटलं, मंग उडालं, मंग आणखी आपटलं. धावपट्टीचा एक दिवा फोडला, गवतात घुसलं, वाकडं होऊन पळालं अन् कड्याच्या पार टोकाशी जाऊन थांबलं. पंच आरजू होती. तिनं पडदा नीट पाहला अन् निकाल देल्ला का दिवा सरकारी आहे, विमान साबूत आहे.

खुशालराव उठला, टेबलाले चक्कर मारली अन् कॉम्प्युटरच्या डब्याले खालून दोन लाथा घातल्या, टायरात हवा पाहतात तशा. मंग त्यानं अमोलसमोर हात पसरला. खोल खिशातून चाबी काढायले अमोलले जरा वेळ लागला.

बद्रुद्दीनले त्यानं एकच गोष्ट इचारली, तीबी हळूच. "बद्रू, ते मधातली बेल तुया हातानं कशी वाजली गा?"

"एक पॅसेंजर चुकून उतराले उठला होता, ड्रायवरसाब," बद्रुद्दीन मनला. "मी त्याले पुन्हा बसवलं."

मंगळवारी परतवाड्याची गाडी स्टँडवर लागली तवा दारात बद्रुद्दीन उभा होता. गळ्यात बायकोची, परवीनची, निळी ओढणी, व्हटाले गुलाबी, दाढी विंचरेल, हातात संत्रागोळ्यायचं ताट. लिपस्टिक लावताना परवीनले इतलं हसू आलं होतं का अर्धी गालावर गेली होती. गल्ली खिडक्यायले लटकली. तो एकेकाले झुकून स्वागत करे, गोळी देई. गाडी भरली तवा तो मधातल्या जागेत गेला, एक सायकलची ट्यूब कमरेले बांधून दाखवली, अन् खिडक्या कुठी, दार कुठी, ते दोन्ही हात पसरून दाखवलं. परतवाड्याची बकऱ्यायवाली मंडळी, बाजारातले कास्तकार, सारे डोळ्याले पाणी येईस्तोवर हसले. कित्येक महिन्यात त्या गाडीत असा आवाज झाला नसन.

मागच्या सीटवर सत्यभामाबाई नावाची एक म्हातारी होती, मांडीवर गाठोडं. ती काही हसली नाही. तिनं गोळी तोंडात टाकली, बद्रुद्दीनले वरून खालपर्यंत नीट पाहलं अन् इचारलं, "काहून वं बाई, हे विमान आसेगावले थांबते का?"

बद्रुद्दीननं ओढणी सावरली, छातीवर हात ठेवला अन् कमरेतून वाकला. "थांबते माय," तो मनला. "तुमच्यासाठी शेतातबी उतरवू."

"मंग आणखी एक गोळी दे," म्हातारी मनली. अन् साऱ्या गाडीनं हात पुढं केले.