पहिल्या खुर्चीतले थोर पुरुष

ज्या जन्ममृत्यूंची ग्वाही मी रोज देते, त्यांपैकी एकही मी पाहिलेला नाही. मी वाचनालयाच्या दर्शनी दालनातली चौकट. सुताराने मला एका देणगीदाराच्या चेहऱ्यासाठी घडवले होते. त्याने देणगी दिली नाही आणि मी सर्वांची झाले. रोज सकाळी ग्रंथपाल त्या तारखेच्या थोर व्यक्तीचे छायाचित्र माझ्यात सरकवतात आणि खाली पितळी पाटी अडकवतात. पाटीच्या एका बाजूस 'जन्मदिन', दुसऱ्या बाजूस 'स्मृतिदिन'. येणारी माणसे पाटी वाचून चेहरा हसरा करायचा की पाडायचा ते ठरवतात. छायाचित्राकडे फारसे कुणी पाहत नाही.

एका वर्षी संशोधकांनी घोळ घातला. हिवाळ्यातल्या एका तारखेला आमच्याकडे एकच कवी जन्मला होता. त्याचा जन्म त्यांनी पुराव्यांनिशी आदल्या आठवड्यात नेला. तारीख उघडी पडली. चौकट रिकामी दिसता कामा नये, हा कार्यवाहबाईंचा दंडक. ग्रंथपालांना टेबलावर एक छायाचित्र सापडले. भरघोस मिशा, करारी नजर.

"हे कोण?" बाईंनी विचारले.

"नक्की आठवत नाही. पण चेहरा थोर आहे."

"मग गेलेले असणार. स्मृतिदिन लावा."

सभा भरली. बाईंचे भाषण असे बेतलेले होते की कोणत्याही थोर व्यक्तीला ते ढगळ होत नसे आणि आवळतही नसे. "यांच्या जाण्याने झालेली पोकळी अद्याप भरून निघालेली नाही," असे त्या म्हणाल्या, तोच दारातून आवाज आला.

"बेसिनमागची ना? कालच भरली की मी! माझा फोटो इथंच राहिला, तो न्यायला आलोय."

मिशा त्याच होत्या. हातात पाना होता. हे आमचे नळवाले काका.

सभेत चुळबुळ झाली. एक निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "यांना मी फार पूर्वी वाचलंय."

काकांनी पाटी वाचली आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अहो बाई, हे पोरीच्या कानावर गेलं तर? परगावी असते ती, ऊर फुटेल तिचा! आधी ती पाटी उलटी करा."

ग्रंथपालांनी घाईने पाटी उलटली. पण बाई काटेकोर. "आज जन्मदिन आहे का तुमचा?"

"काय ठाऊक! आई म्हणायची, तुझ्या वेळेला तारीख बघायला सवड कुणाला होती?"

"म्हणजे आज नसल्याचाही पुरावा नाही," बाई विचारपूर्वक म्हणाल्या. "तर्कदृष्ट्या हरकत दिसत नाही."

काका पाटीकडे पाहत राहिले. मग पाना खिशात घालून पहिल्या खुर्चीवर बसले. "माझा वाढदिवस कधी कुणी केलाच नाही. होऊन जाऊ द्या. मघाचं भाषण पुन्हा म्हणा, बसून ऐकतो."

बाईंनी तेच भाषण केले. 'होते'च्या जागी 'आहेत' घातले, पोकळी मात्र तशीच ठेवली. काकांनी नळ पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. "राहू द्या फोटो इथंच. पोरीला दुसरा काढून पाठवीन."

तेव्हापासून दर वर्षी ते त्या तारखेला इस्त्रीचा सदरा घालून येत. आधी स्वतः पाटी तपासत, मग भाषण ऐकत आणि जाताना बेसिनचा नळ फुकटात बघून जात. माझ्यातून कितीतरी थोर आले आणि गेले. स्वतःचे भाषण ऐकायला आलेले हे एकटेच. मी लाकडाची खरी, पण त्या दिवशी माझी काच अधिक घट्ट बसे.

आज ती तारीख आहे. फोटो माझ्यात आहे आणि पहिली खुर्ची रिकामी आहे. ग्रंथपाल काकांना फोन लावून थकले. तो वाजतो, पण कुणी उचलत नाही. त्यांचे घर कुठे, हे विचारायचे इतक्या वर्षांत आम्हां कुणालाच सुचले नव्हते.

"बाई, कोणती बाजू?" ग्रंथपालांनी हळूच विचारले.

"पुरावा आहे का कशाचा?"

"नाही."

"मग थांबा," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात प्रथमच भाषण न करता खाली बसल्या.

माणसांनो, मिशांवरून ओळख पटली असेल, तर कुणीतरी येऊन सांगा. सभा बसून आहे. आत बेसिनचा नळ गळतो आहे. पाटी अजून ग्रंथपालांच्या हातात आहे.