दुसऱ्यांदा कुणी विचारले नाही

मंगळवार, सायंकाळी सहा. वेल्समधल्या एका लहान गावात, वेल्श भाषेचा वर्ग भरणाऱ्या हॉलला कुलूप लागले. आदल्या रात्रीच्या वादळाने छपराची कौले उडवली होती. दुरुस्ती होईपर्यंत वर्ग ऑनलाइन भरेल, असे शिक्षिका एर्लिस यांनी सगळ्यांना कळवले. म्हणून मला कपाटातून बाहेर काढण्यात आले.

मित्रांनो, मी एक जुना टॅब्लेट आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे. डॉक्टर दीनानाथांनी मला लीड्सच्या दुकानातून पत्नीसाठी आणले. सुचेताबाई माझ्यावर नागपूरच्या बहिणीशी बोलत आणि कणकेचे बोट तसेच लावत. तेव्हा मला उसंत नव्हती. निवृत्तीनंतर दोघे या समुद्रकाठच्या गावात राहायला आले. सुचेताबाई वारल्या, आणि मला चार्ज करणारे कुणी उरले नाही.

दीनानाथ दुकानात शिरले की आपसात वेल्श बोलणारी माणसे त्यांच्यासाठी इंग्रजीवर येत. याचा त्यांना संकोच वाटे. म्हणून ते वर्गाला जाऊ लागले. तिथे मध्यंतरात चहा असे, आणि तो वेल्शमध्ये मागितला तरच मिळे. आठवडाभरात त्यांच्या गप्पा होत त्या तेवढ्याच.

माझ्या पडद्यावर मध्यंतर नव्हते. एर्लिस शिकवत, बाकीचे माइक बंद ठेवून ऐकत, आणि तास संपला की चौकटी एकेक करून विझत. दीनानाथ काळ्या काचेकडे पाहत बसत. त्या काचेत त्यांना स्वतःशिवाय कुणी दिसत नसे.

एकदा सगळे गेल्यावर एर्लिस थांबल्या.

"दीनानाथ, हल्ली तुम्ही बोलतच नाही. दर गुरुवारी मी फोन करू का? अर्धा तास, फक्त वेल्श."

"नको, नको. तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

"बरं, जशी तुमची इच्छा. नोस दा." वेल्शमध्ये शुभरात्री म्हणून त्या गेल्या.

पुढच्या मंगळवारी दीनानाथांनी केस नीट विंचरले. तास संपल्यावरही ते शेवटपर्यंत थांबले. एर्लिस यांनी पुन्हा विचारले नाही. ईस्टरच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा तास होता. छपराचे काम उन्हाळ्यावर गेले होते, आणि सुट्टीनंतर ऑनलाइन वर्ग चालेल की नाही, हे ठरलेले नव्हते.

रविवारी नॉटिंगहॅमहून त्यांची मुलगी ऋजुता हिचा व्हिडिओ कॉल आला.

"काय बाबा, वेल्श प्रॅक्टिस कशी चाललीय?"

"मॅडम फोन करते म्हणाल्या होत्या. मी नको म्हटलं."

"म्हणजे हवा होता!"

"अगं, एकदम हो कसं म्हणायचं? बरं दिसतं का? पुन्हा विचारतील असं वाटलं."

"बाबा! अख्खी नोकरी लीड्समध्ये केलीत, आणि अजून हे? इथे कुणी आग्रह करत नाही. नो म्हणजे नो. आई असती तर हसून हसून लोळली असती."

"तुझी आई मी नको म्हटल्यावरच वाढायची."

ऋजुता म्हणाली, "आता तुम्हीच विचारा. आणि इंग्लिशमध्ये चीटिंग नाही हं!"

बुधवारी दुपारी दीनानाथांनी मला पुसले, घसा साफ केला आणि एर्लिस यांच्यासाठी वेल्शमध्ये निरोप बोलायला घेतला. 'मी दीनानाथ. मला तुमचा फोन हवा आहे. गुरुवारी.' शेवटी सवयीने 'त्रास होणार नसेल तर' असे मराठीत निघून गेले. त्यांनी तो निरोप पुसला आणि तेवढे गाळून पुन्हा बोलले. मग तो पाठवला.

मित्रांनो, माझी बॅटरी संपत आली की मी लाल खूण दाखवतो आणि तुम्ही धावत चार्जर आणता. माणसांना अशी खूण नसते. सगळे निघून गेल्यावरही जो पडद्यावर थांबतो, त्याला एकदा जास्त विचारा.

आज गुरुवार आहे. दुपारचे चार वाजले आहेत. निरोप पोहोचला आहे. तो ऐकल्याची खूण अजून उमटलेली नाही.