पहिला धागा

लालबागच्या चाळीतली ती दहा बाय बाराची खोली बघून लवू भुवडला हसूच फुटलं. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, दाराला कापसाची गादी, खिडकीला अंड्यांचे रिकामे ट्रे. कॉम्प्युटर घरघरतो म्हणून त्याचा डबा कपड्यांच्या कपाटात कोंबलेला. आणि माइकपुढे काय, तर भरतकामाच्या रिंगेवर ताणून बसवलेला आनंदाच्या बायकोचा पायमोजा!

"ह्याला स्टुडिओ म्हणतोस?" लवू म्हणाला. "आमच्या गावाला बाळंतिणीची खोली अशी असते."

"काका, तोंडाची हवा थेट माइकवर आदळली की फटफट आवाज येतो, म्हणून तो मोजा," आनंदा म्हणाला.

"म्हणजे शाहीर लवू भुवड आता मोज्यात तोंड घालून गाणार! वा रे वा!"

आनंदा हा रामजी धनावड्याचा मुलगा, आणि धनावड्यांच्या घरातलं काहीच लवूला कधी पसंत पडलं नव्हतं. रामजी शक्तीवाला, लवू तुरेवाला. जगात प्रकृती म्हणजे शक्ती मोठी असं एकाने गायचं, पुरुष म्हणजे शिव मोठा असं दुसऱ्याने, आणि सवाल-जवाब करता करता समोरच्याची होईल तेवढी बेअब्रू करायची. दिवसा दोघं एकाच गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्टेजवर एकमेकांची सालटी काढायचे. संपाच्या आदल्या गणपतीत परळच्या हॉलमध्ये रामजीने सवाल टाकला होता:

*जगताचं हे लुगडं विणलं, पहिला धागा कुठला रे?*
*उभा म्हणशी तर धरला कोणी, आडवा कशात गुंतला रे?*

ढोलकीवाल्याने वाट बघितली, पुन्हा ठेका धरला, पुन्हा वाट बघितली. लवूच्या तोंडून शब्द निघाला नाही. हॉलभर शिट्ट्या झाल्या. चार महिन्यांनी संप लागला, दोघांच्या पार्ट्या गावोगाव पांगल्या, गिरणीला टाळं लागलं आणि उत्तर राहिलं ते राहिलंच.

पंचवीस वर्षं तो सवाल लवूच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता. उत्तर सापडलं ते वॉचमनच्या ड्युटीवर. आणि आता हा आनंदा त्या सामन्याच्या जुन्या कॅसेटवरून बापाचा सवाल कॉम्प्युटरमध्ये उतरवून, त्याच्यापुढे लवूचं उत्तर जोडून सीडी काढणार होता.

"सवाल हेडफोनमध्ये ऐकू येईल, तुम्ही फक्त उत्तर गायचं," आनंदाने समजावलं.

"भिंतीला कोण उत्तर देतो रे? वेडा समजलास काय मला? तुझ्या बापाला समोर बसव, नाहीतर मी चाललो."

"काका, अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. तीन वर्षं आवाज नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"कान आहेत ना शाबूत? मग बसव."

माहीत होतं. चांगलं माहीत होतं. म्हणून तर लवू आला होता. त्याला रामजीचा आवाज नकोच होता, त्याची खाली गेलेली मान हवी होती. एकदा डोळे भरून ती बघितली की मेलो तरी चालेल, असं तो बायकोला सांगून निघाला होता.

रामजी आला. गळ्याला पांढरा रुमाल, अंगाचं पार चिपाड झालेलं. लिहिणं-वाचणं त्याला सहीपुरतंच यायचं, तेव्हा घरात सगळा कारभार खुणांवर चालायचा. तो मोडक्या स्टुलावर लवूच्या समोर बसला आणि त्याने लवूला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळलं, की लवूच्या अंगाचा तिळपापड झाला. मस्ती अजून गेली नाही मेल्याची!

आनंदाने पंखा बंद केला. शेजारच्या राधाबाईंना पाटा-वरवंटा थांबवायला सांगितलं. हेडफोनमध्ये तरण्या रामजीचा खणखणीत आवाज आला, तोच सवाल, त्याच शिट्ट्या. लवूने समोरच्या म्हाताऱ्या रामजीच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि आवाज लावला:

*धाग्याच्या आधी हात होता, हात तो शिवाचा गे,*
*हाताविना तुझा धागा खेळ नुसता वाऱ्याचा गे!*

"एक नंबर, काका!" आनंदा ओरडला.

लवूने हेडफोन काढून गळ्यात टाकला. आता घाल मान खाली. घाल!

रामजीने मान घातली नाही. त्याने मांडीवर ठेका धरला आणि त्याचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, श्वाससुद्धा ऐकू येईना.

"अण्णा, काय पाहिजे? पाणी?" आनंदा उठला. "अलीकडे असंच करतात, काका. आम्हाला कळत नाही काही."

लवूला कळलं. साच्यांच्या धडधडाटात कानाशी बोंब मारली तरी ऐकू यायची नाही, तिथे सगळं बोलणं ओठांवरच चालायचं. शिव्या, थट्टा, घरची दुखणी, सगळं. ह्या ओठांकडे बघत त्याने सोळा वर्षं काढली होती.

*हात पहिला म्हणतो लवू, हात कशाच्या कामी?*
*धागा तुटला, हात उरला गाड्यांना सलामी!*

लवूच्या कानशिलात कोणी लगावावी तसं झालं. जिथे त्याचे साचे होते तिथेच आता काचेचा टॉवर होता, आणि त्याच्याच गेटवर तो निळ्या गणवेशात उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचा. रामजीने बसल्या जागी, घसा नसताना, त्याचा पंचवीस वर्षांनी गवसलेला 'हात' मुळापासून छाटून टाकला होता.

"काय म्हणतायत अण्णा?" आनंदाने विचारलं.

हरलो म्हणतो, एवढंच सांगायचं होतं. दोन शब्द. सीडीवर लवूचं उत्तर शेवटचं राहिलं असतं, आणि त्या चाळीत त्याला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. एक होता, पण त्याला तोंड असून नसल्यासारखं.

पण कवन चांगलं होतं. हीच तर पंचाईत होती. असलं बिनतोड कवन गिळून टाकायचं म्हणजे शाहिरी नव्हे, निव्वळ पाकीटमारी. लवू आयुष्यात बऱ्याच गोष्टी झाला होता, पाकीटमार नव्हता. शरमेने त्याचे कान तापले. रामजी बघत होता. भीक मागत नव्हता हरामखोर, नुसता बघत होता.

"चालू कर तुझा डबा," लवू म्हणाला.

"उत्तर झालं की, काका."

"माझं झालं. तुझ्या बापाचं व्हायचंय."

आणि त्याने गायलं. स्वतःच्या नावासकट, गाड्यांसकट, सलामीसकट गायलं. आवाज मध्येच फाटला. आनंदा माऊस हातात धरून बापाकडे बघतच राहिला. तीन वर्षांत बापाचं एवढं बोलणं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

रामजीने तोंड वाकडं केलं. ओठ पुन्हा हलले.

"आता काय म्हणतात?" आनंदा पुढे सरकला.

"म्हणतो, माझ्या कवनाची माती केलीस. बेसूर गायलास, वरच्या पट्टीत परत गा." लवूने डोळे पुसले आणि हेडफोन कानांवर चढवला. "आधीपासून नालायक माणूस आहे हा. लाव रे परत."