डबक्याचा थेंब

मित्रांनो, नाशिकच्या एका शाळेच्या कपाटात कोळिष्टकांत पडलेला मी पितळी सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं जर्मनीत घासली गेली. बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने मी इथे आलो, तेव्हा हेडमास्तरांनी मला हार घातला होता.

माझं चीज केलं ते रहेमान मास्तरांनी. ते कौलावरचं वाळकं शेवाळ माझ्याखाली ठेवत. त्यात धुळीच्या कणांसारखे जीव निपचित पडलेले असत. मास्तर वरून पाण्याचा थेंब सोडत, आणि हळूहळू ते जीव पाय हलवू लागत. पेशीतली सारी घडामोड पाण्यातच चालते, पहिला जीवही पाण्यातच जन्मला असावा आणि आपण सगळे त्याचेच वंशज, असं ते वर्गाला सांगत.

१९३६च्या उन्हाळ्यात पेठच्या वाटेवरच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. मास्तरांच्या घरी लाकडाची मोळी टाकणारी झुंबरबाई तिथलीच. तिच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. बायका नाल्यातल्या डबक्यातून पाणी आणत. हे तिच्याकडून कळताच मास्तर मला पेटीत घालून तिथे गेले.

चावडीवर भिमाजी पाटलांनी डबक्याचा थेंब पाहिला आणि त्यातली वळवळ बघून ते मागे सरले. विहिरीचा थेंब नितळ दिसला. जो तो माझी वाहवा करू लागला. मास्तरांनी हात जोडून विनंती केली, की वस्तीला विहीर खुली करा.

पाटील शांतपणे म्हणाले, "बरं झालं दाखवलं, मास्तर. असलं पाणी पिणारी माणसं आता विहिरीच्या आसपास फिरकू नाय द्यायची."

त्याच दिवशी विहिरीभोवती काटेरी कुंपण पडलं.

झुंबरबाईची लेक मैना जुलाबांनी सुकत चालली होती. डोळे खोल गेले, कातडी सुरकुतली. मास्तर तिला उकळलेलं पाणी चमच्याने पाजत राहिले. शेवाळातले जीव एका थेंबाने उठत. मैना उठली नाही.

झुंबरबाई रडली नाही. माझ्या पेटीकडे बघत तिने विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या नळीतून माझी पोर दिसली नाय का कुणाला?"

मास्तरांनी त्यानंतर मला हात लावला नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पुसलीत तर मी पुन्हा तेच दाखवीन, आणि बघणारा पुन्हा आपल्या सोयीचं तेवढंच बघेल. म्हणून आधी तहानेल्याला पाणी भरू द्या. मग वाटलं तर मला डोळा लावा.