घमेल्यावरचा लाल पट्टा

"लोकायच्या घरी पाहुणे येतात, आमच्या घरी उंदरं येऊन राहिले. अन् वरतून त्यायच्यासाठी पानी भरून ठेवा."

माझ्या काठाशी वाकून धर्मपालआबाजी असं पुटपुटले, तेव्हा ते ऐकायला मी एकटंच होतं. बोलणं उंदरांवरचं होतं, पण नजर माझ्यावर होती. ती कुरकुर का होती, ते मला तेव्हाच कळलं. घरातल्यांना कळायला दोन महिने लागले.

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. चांदूर रेल्वेतल्या एका घराच्या मागच्या भिंतीला सध्या उपडं टेकून आहे. माझ्या अंगाभोवती तेलरंगाचा लाल पट्टा आहे. तो या घरच्या नातीनं, प्रियदर्शनीनं मारला. तिच्या हातात ब्रश पहिल्यांदाच आलेला, त्यामुळे पट्टा एका जागी चढाला लागल्यासारखा वर गेलाय. शेजारच्या मैनाबाईला ती नक्षी वाटते. ती नक्षी नव्हे. तो पट्टा कसा आला, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याला दाबून खोलगट केलं, आणि उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून काठ बाहेरच्या अंगाला गोल वळवला. त्या वळकटीत बारीक फट राहते. तिथे एकदा काही शिरलं की कितीही घासा, पुरतं निघत नाही. ही फट तेवढी ध्यानात ठेवा.

आबाजींच्या बायकोनं, केशरबाईनं, मला अमरावतीच्या बाजारातून आणलं, तेव्हा ती नुकती बांधकामावर जायला लागली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, माझ्यात सिमेंट-रेतीचा मसाला. एकोणीस वर्षं आम्ही दोघं चढलो. शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, कोणाकोणाचे मजले, आणि शेवटी हे तिचं स्वतःचं घर. मिस्त्री म्हणायचा, "केशरबाईचं घमेलं कधी अर्धं येत नाही." ती ते घरी येऊन सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची. गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा तिनं मला राखेनं घासलं आणि मागच्या पडवीत खिळ्याला टांगलं. माणसं फोटो टांगतात, तसं.

या घरात एक नियम होता. शेतातलं विषारी औषध लागलेली बादली, डबा, काडी, जे असेल त्याला लाल पट्टा मारायचा, आणि पट्ट्याची वस्तू पुन्हा घरात आणायची नाही. केशरबाईच्या माहेरी, हिवरखेडला, एका न ओळखलेल्या बादलीनं दोन म्हशी गेल्या होत्या. तेव्हापासूनचा तिचा हा नियम. त्यावर ती कोणाचं ऐकत नसे.

फेब्रुवारीत आबाजींच्या संत्र्याच्या कलमांना उधई, म्हणजे वाळवी, लागली. दाणेदार औषध रेतीत कालवून बुडाशी टाकायचं होतं, आणि त्यांचं प्लास्टिकचं टोपलं नेमकं तडकलेलं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, गाडीला बांधलं आणि शेतात नेलं. औषधाला सडक्या लसणासारखा वास होता. त्यांनी काडीनं ते माझ्यात कालवलं. काम झाल्यावर पंपाखाली मला तीनदा धुतलं, मातीनं घासलं. लाल रंगाचा डबाही उघडला. ब्रश बुडवला. मग तो तसाच धरून उभे राहिले. पट्टा मारला तर केशर विचारणार, आणि ती विचारणार म्हणजे काय, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

"धुतलं ना तीनदा," असं ते स्वतःलाच म्हणाले, आणि डबा बंद केला.

माणूस वाईट नाही, मित्रांनो. फक्त बायकोला भिणारा आहे. पण तसल्या भीतीलाही फट असते, आणि तिच्यातही काहीबाही शिरून बसतं.

त्याच महिन्याच्या शेवटी, दिवेलागणीला, तिसरीतल्या प्रियदर्शनीला अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगाशी काट्यांचा एक गोळा दिसला. तिनं काडी लावली तर तो फुसफुसला.

"आजी, साळिंदराचं पिल्लू!"

"साळिंदर नाई माय ते. साळिंदराचे काटे हाताएवढे राह्यतात," केशरबाई म्हणाली. "काडी फेक. पाहुण्याले असं टोचतेत का?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाईंनी सांगितलं, याला जाहक म्हणतात, किडे खाऊन जगतो, आपल्याकडे फारसा दिसत नाही, ढिगात पिल्लंही असतील. दूध देऊ नका, पोट बिघडतं. हात लावू नका. उथळ भांड्यात पाणी ठेवा, बस. पोरीनं एवढं सगळं एका दमात येऊन सांगितलं.

मग घरात पाहुणचाराची तयारी झाली. तुराट्यांचा ढीग यंदा जाळायचा नाही, असं ठरलं. कंपाउंडच्या भिंतीची खालची एक वीट केशरबाईनं छिन्नीनं स्वतः काढली, त्यांना येता-जाता यावं म्हणून. आणि पाण्यासाठी ती सरळ माझ्याकडे आली. लिंबाखाली खड्डा केला, मला काठापर्यंत जमिनीत बसवलं, पिल्लं बुडू नयेत म्हणून आत चपटा दगड ठेवला. तिच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं, ते तिनं पाहुण्यांना दिलं.

"ते काहून?" आबाजी म्हणाले. "मी मातीचं परळ आणून देतो ना."

"परळ कुत्रे फोडते. हे बसते चांगलं. जन्मभर मसाला वाह्यला त्यानं, आता बसल्या जागी पुण्य करू दे त्याले."

आबाजींनी माझ्याजवळ वाकून ती उंदरांची कुरकुर केली.

केशरबाई मला अर्धंच भरत असे. लहान जीवाला किती लागतं, असा तिचा हिशेब. अर्धं पाणी काठापर्यंत पोचत नाही. मार्च बरा गेला. संध्याकाळी मादी यायची, मागून चार पिल्लं रांगेनं, नाकं वर करून. केशरबाई पायरीवर बसून कौतुकानं म्हणायची, "आली पहा, काटेबाई अन् तिची बारात." आबाजी हसायचे, पण उशिरा हसायचे.

एप्रिलमध्ये केशरबाईचा गुडघा सुजला आणि पाण्याचं काम प्रियदर्शनीकडे आलं. तिनं मला काठोकाठ भरलं. "आजी कंजूस आहे," ती म्हणाली. शेतातल्या धुण्यानंतर पाणी पहिल्यांदाच माझ्या वळकटीत शिरलं आणि बाहेर आलं, तेव्हा त्याला तो जुना वास होता.

आधी मुंग्या मेल्या. मुंग्यांकडे कोण बघतो. मग एक साळुंकी पाणी पिऊन भिंतीवर बसली आणि बसल्या जागेवरून खाली पडली.

"ऊन लागलं असंन तिले," केशरबाई म्हणाली. पारा चव्वेचाळीसवर होता, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

मग बेडूक. तेही ऊनच.

सून नीलम, प्रियदर्शनीची आई, झाडताना माझ्याजवळ थांबली. तिनं वाकून वास घेतला. पडवीतल्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या गाडीकडे. फेब्रुवारीत मला गाडीला बांधून नेताना तिनंच फाटक उघडलं होतं. तिनं माझ्यातलं पाणी ओतून दिलं. पण जेवताना ती एवढंच म्हणाली, "मामाजी, यंदा ऊन लईच आहे, नाई?"

"हो," आबाजी भाकरीकडे पाहत म्हणाले. "ऊन आहे."

संध्याकाळी पोरीनं मला पुन्हा काठोकाठ भरलं.

एक दिवस एक पिल्लू भर दुपारी बाहेर आलं. मागचे पाय ओढत, थरथरत. ते माझ्या काठाशी आडवं झालं आणि पुन्हा गोळा झालंच नाही. आबाजींनी ते फडक्यात घेतलं आणि एकट्यानं नेऊन कलमांच्या कडेला पुरलं. केशरबाईनं विचारलं तर ते म्हणाले, "ऊन." त्या दुपारी त्यांनी मला उकरून उपडं केलं. पोरीला वाटलं, कुत्र्यानं पाडलं. तिनं मला सरळ करून खड्ड्यात बसवलं, दगड नीट ठेवला, आणि भरलं.

आबाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर एका घमेल्यापुरतं बोलणं खावं लागलं असतं. साळुंकीनंतर जास्त. पिल्लानंतर तर ते शब्द त्यांच्या तोंडात मावेनात. प्रत्येक दिवसानं ते जड होत गेले. मी ओझी वाहिलेली आहेत, मला ते ओझं दिसत होतं.

मित्रांनो, माझं सगळं अंग म्हणजे एक उघडं तोंड आहे, आणि मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. पाहुण्याला पाणी ठेवा, भिंतीतली एक वीट काढा, काडीकचऱ्याचा ढीग राहू द्या. पण ज्या भांड्यात पाणी ठेवाल, त्यात आधी काय होतं, ते माहीत असलेल्यानं त्याच दिवशी सांगा. जीव नुसत्या विषानं जात नाही. गप्प बसण्यानंही जातो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी एकच्या सुमाराला, काटेबाई स्वतः उन्हात आली. अंग हलत होतं, चाल नव्हती. पोरीला वाटलं, तिला उकडतंय. तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीनं माझ्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं. मग त्याच ओंजळीनं स्वतःच्या तोंडावर मारलं. तोंडात गेलेलं ती गिळून टाकताना मी पाहिलं.

तासाभरात पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या. लिंबाखालच्या बाजेवर निजवली, तर अंग घामानं निथळलेलं, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. केशरबाईनं कांदा फोडला आणि तिच्या तळपायांना चोळायला घेतला.

"ऊन लागलं माह्या पोरीले. पन्हं करा वो कोणी. ऊन लागलं."

नीलमनं ऑटो बोलावला होता, तो फाटकाशी घरघरत उभा होता. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि निघता निघता सासऱ्यांसमोर थांबली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मामाजी, डाक्टर विचारतीन, काय खाल्लं, काय पेलं. काय सांगू?"

"तेच सांग ना," केशरबाई म्हणाली. "ऊन."

नीलम हलली नाही. आबाजी माझ्यापाशी खाली बसले. त्यांनी बोटांनी माझ्याभोवतीची माती उकरली, पाण्यासकट मला वर ओढलं, आणि पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. मग सदऱ्याच्या खिशातून घड्या घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. औषधाच्या पुड्याचं वेष्टण होतं ते, नावाच्या बाजूचं. फेब्रुवारीपासून ते रोज ते घेऊन हिंडत होते.

"हे डाक्टरच्या हातात दे," ते नीलमला म्हणाले. "हे नाव वाचाले सांग. पयले हे."

मग ते माझा काठ धरून केशरबाईकडे वळले. तिच्या हातात अर्धा कांदा तसाच होता.

"ऊन नाई, केशर," ते म्हणाले. "कोणालेच ऊन लागलं नोतं. तुह्या घमेल्यात म्या औषध कालवलं होतं."