बाटलीवरचं शेवटचं नाव

त्या पत्राला फेसमास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरून गेलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते विसरले नव्हते. पत्र कुठे आहे हेसुद्धा त्यांना पक्कं ठाऊक होतं. कपाटाचा वरून दुसरा खण, साबणांच्या रसायनशास्त्रावरचं निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, पान दोनशे बारा. एकोणीस वर्षांत त्यांनी ते पुस्तक कितीदा तरी चाळलं, पण दोनशे दहाच्या पुढे कधी गेले नाहीत.

फेसमास्तर हे कारखान्यातलं नाव. शाम्पूच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि नव्या माणसांना फळ्यावर चित्रं काढून शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यातून विशीतच टक्कल पडलेलं. ‘मास्तरांनी स्वतः वापरलेला शाम्पू तेवढा बाजारात आणू नका,’ असं टाकीवरची मंडळी म्हणायची आणि मास्तरही हसायचे. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. शाम्पूवर मात्र तासभर बोलत.

त्या सकाळी लेक राहायला आली ती बाटली हातात घेऊनच.

“बाबा, पंधरा दिवस डोकं नुसतं खाजतंय. यात काय काय आहे ते सांगा. मला तर हे वाचताना बोबडी वळते.”

मास्तरांनी चष्मा चढवला. चेहरा उजळला. “पहिलं पाणी. बाटलीत चारातले जवळजवळ तीन हिस्से पाणीच असतं.”

“म्हणजे मी पाणी विकत आणलं?”

“सुगंधी पाणी. दुसरं हे, मळ सोडवणारं. याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पाणी वाहिलं की तेल त्याच्यामागे फरपटत जातं. जास्त झालं तर कातडीचं स्वतःचं तेलही जातं, मग ती कोरडी पडते. तिसरं त्याचा कडकपणा कमी करायला. मग मीठ.”

“मीठ? जेवणातलं?”

“तेच. घट्टपणा यावा म्हणून. पातळ शाम्पू लोकांना फसवाफसवी वाटते. फेसही लोकांसाठीच गं, स्वच्छतेशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. हे सिलिकोन. केसावर पातळ थर बसतो, बोटं सरकतात, आपल्याला वाटतं केस सुधारले. केस कसले सुधारतात? केस म्हणजे मेलेली वस्तू. जिवंत असते ती खालची कातडी, आणि तिला कोणी विचारत नाही.”

“आणि हे ‘मुळांना पोषण’?”

“ते जाहिरात खात्याने घातलेलं द्रव्य.”

लेक खळखळून हसली. “आणि हे शेवटचं, आगगाडीएवढं लांब?”

मास्तरांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. मिथाइल-आयसो-थायाझोलिनोन. हल्ली नाव छापायला लागले होते तर.

“जंतू वाढू नयेत म्हणून असतं ते. अगदी थोडंसं,” ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. “काहींना त्याचं वावडं असतं. एकदा जडलं की जन्मभर. ही बाटली वापरू नकोस.”

“इतकं काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?”

मास्तर उठले, कपाट उघडलं, निळं पुस्तक काढलं आणि पान दोनशे बारा लेकीपुढे धरलं.

पत्र एकाच पानाचं होतं, अक्षर गोल आणि मोठं. ‘साहेब, मी पार्लरमध्ये केस धुणारी आहे. दिवसाला पस्तीस-चाळीस डोकी धुते, सगळी तुमच्याच शाम्पूने. या थंडीत माझे हात फुटले आहेत. डॉक्टर म्हणतात एखाद्या द्रव्याचं वावडं असेल, नाव कळलं तर टाळता येईल. बाटलीवर बाकी सगळी नावं आहेत, शेवटी नुसतं ‘संरक्षक द्रव्य’ लिहिलंय. त्याचं नाव तेवढं कळवावं. माझी तक्रार नाही. काम सोडायला लागू नये म्हणून विचारते.’

“मग तुम्ही काय कळवलंत?”

मास्तर बाटलीचं झाकण लावत राहिले. ते केव्हाच लागलं होतं.

त्यांना नाव तर ठाऊक होतंच, पण त्याहून जास्त ठाऊक होतं. शाम्पूची टाकी आधी तापवावी लागते, आणि ते द्रव्य टाकी गार झाल्यावरच घालायचं असतं. गरम टाकीत ते मरून जातं. पण पाळी संपत आलेली असली की माणसं थांबायची नाहीत, गरम टाकीतच ओतून मोकळी व्हायची. मग तपासणीच्या काचेवर जंतू दिसायचे आणि पुन्हा एक माप घालावं लागायचं. असं चार-पाचदा झाल्यावर कोणीतरी म्हणालं, मास्तर, दरवेळी दोन मापंच घालू ना, रोजची कटकट नको. मास्तरांनी सही केली. पुढे थंडी पडली. थंडीत टाकी लवकर गार व्हायची, पहिलं मापही जिवंत राहायचं आणि त्यावर दुसरं पडायचं. गिऱ्हाईक दोन मिनिटांत डोकं धुऊन मोकळं होतं, त्याला काही होत नव्हतं. जिचे हात दिवसभर त्यात बुडलेले, तिचे फुटले. पत्र त्याच थंडीत आलं.

“कारखान्याच्या साहेबांनी लिहू दिलं नसेल,” लेक म्हणाली. तिला बापाला वाचवायचं होतं.

“साहेब म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” मास्तरांनी चष्मा पुसला. “मी चार मसुदे केले. दरवेळी वाटायचं, हेच कारण कशावरून? साबण असेल, पाणी असेल. उगाच नाव लिहायचं, नंतर चूक निघायची. माप मी गुपचूप एकावर आणलं. म्हटलं, झालं.”

“तिचं काय झालं?”

“ते मी बघितलं नाही.”

लेकीने पत्र पुस्तकात परत न ठेवता टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “आता तरी लिहा.”

“एकोणीस वर्षांनी? काय उपयोग?”

“उपयोग आहे की नाही, ते तुम्ही नका ठरवू, बाबा. एकदा ठरवलंत तेवढं पुरे.”

पत्रावर पार्लरचा पत्ता होता. ती तिथे असेल का, हे कळल्याशिवाय लिहायचं तरी कुठे? दुसऱ्या दिवशी दोन बसगाड्या बदलून मास्तर तिथे पोचले. पार्लर जागेवर होतं. तीन खुर्च्या, मागच्या भिंतीला दोन बेसिन, जमिनीवर झाडून एका कोपऱ्यात लोटलेले केस. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, गल्ल्यावर बसून चहा पीत होत्या.

“या काका. पण तुमच्या डोक्यावर आम्ही काय करणार? पुसून देऊ का?”

खुर्चीतल्या बायका हसल्या. मास्तरही हसले, मग घसा खाकरून त्यांनी विचारलं. फार वर्षांपूर्वी इथे केस धुणारी एक मुलगी होती. हातांना त्रास होता तिच्या.

“आमची पाणकोंबडी!” मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. “सदा पाण्यात, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. काय हात होता तिचा, काका! बायका बेसिनवर झोपी जायच्या. मग ते हात असे झाले की बघवेना. बोटाबोटांत चिरा, पाणी लागलं की ओठ चावायची. गिऱ्हाइकं तोंड फिरवायला लागली. मीच काढलं तिला. खोटं कशाला बोलू?”

“मग?”

“मग एका हॉटेलात भांडी घासायला गेली. तिथे आणखी चिघळले. भाऊ रंगारी तिचा, त्याच्याबरोबर भिंती रंगवायला लागली. एके दिवशी तोंडच सुजलं, डोळे उघडेनात. जिथे जाईल तिथे तेच. लोक म्हणाले, हिच्या अंगातच काहीतरी आहे. ठरत आलेलं लग्न मोडलं. शेवटी तिलाही तसंच वाटायला लागलं.”

मास्तरांनी बेसिनच्या कडेला हात टेकला. भांड्यांचा साबण. पाण्यात कालवायचे रंग. दोन्हींत तेच घालतात, टिकावं म्हणून. ती ज्या ज्या कामाकडे पळाली, तिथे ते तिच्या आधी जाऊन बसलेलं होतं.

“कंपनीला पत्रही लिहिलं होतं हो तिने,” मालकीणबाई सांगतच होत्या. “रोज पोस्टमनची वाट बघायची. मी म्हणायचे, अगं वेडे, ती मोठी माणसं, तुला कशाला लिहितील? तर म्हणायची, त्यांना नाव शोधायला वेळ लागत असेल.”

एका बेसिनचा नळ कोणीतरी उघडला. तो बंद होईपर्यंत मास्तर तसेच उभे होते.

“आता कुठे असते?”

“भावाकडेच, दुसऱ्या गावी. गेल्या वर्षी भेटले मी. घरचं सगळं तीच बघते, भांडीकुंडी, फरशी. हात तसेच. एक लहानगी भाची आहे, हे एवढे लांब केस तिचे. पण ही तिची वेणी घालत नाही. म्हणते, माझं तिला लागायचं.” त्या थांबल्या. “तुम्ही कोण तिचे?”

“ओळखीचा,” मास्तर म्हणाले.

मालकीणबाईंनी वहीतून पत्ता उतरवून दिला. परतीच्या बसमध्ये मास्तरांच्या मनात तो एकच शब्द घोळत राहिला. ओळखीचा. एवढं धडधडीत खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. लेकीने वाचला आणि म्हणाली, “बाबा, हे पत्र आहे की धडा? मीठ कशाला घातलंय यात?” दुसऱ्या मसुद्यात ‘त्या काळची परिस्थिती पाहता’ असे शब्द होते. तो तिने वाचला, घडी घातली आणि परत दिला. तिसरा त्यांनी तिला दाखवला नाही.

‘तुम्ही विचारलेलं नाव मी वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवलं आहे. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या थंडीत ते शाम्पूत दुप्पट पडत होतं, माझ्या सहीने. तुमच्या अंगात काही वाईट नव्हतं. भांड्यांच्या साबणात आणि रंगातही तेच असतं, म्हणून तुम्हाला सगळीकडे त्रास झाला. हे मी शंभर टक्के खात्रीने सांगू शकत नाही. चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते पाठीवर पट्टी लावून तपासतात. बाटलीवर हे नाव दिसलं तर ती वस्तू घरात आणू नका. ते टाळलं तर काही महिन्यांत हात बरे होण्याची आशा आहे. वावडं जाणार नाही. गेलेली वर्षं मी भरून देऊ शकत नाही.’

खाली सही केली. मग काहीतरी आठवून सहीखाली आणखी एक ओळ लिहिली. ‘हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. भाचीची वेणी घालायला हरकत नाही.’

पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीशी तिघे उभे होते. मास्तरांची पाळी आली तेव्हा आतल्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं.

“पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता?”

“आत लिहिलंय.”

“आतलं आम्हाला काय दिसतंय, आजोबा? बाहेर लिहा. त्याशिवाय घेता येत नाही.”

पाकिटाची मागची बाजू मास्तरांनी कोरीच ठेवली होती. विसरून नव्हे. ती उत्तर लिहील, भाऊ दारात येऊन उभा राहील, कोणी वकील येईल, या सगळ्याचा विचार त्यांनी रात्रभर केला होता. मागे उभ्या असलेल्या माणसाने पाय बदलला.

“आजोबा, लिहिताय की बाजूला होताय?”

खिडकीशी दोरीने बांधलेलं पेन होतं. दोरी आखूड होती, वाकून लिहावं लागलं. मास्तरांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली घराचा क्रमांक, रस्ता, गाव. अक्षर जरा तिरकं आलं, पण वाचता येण्यासारखं होतं. बाईंनी वजन केलं, शिक्का मारला, पावती खिडकीतून सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.