सलीमाचा हात

मोलगीच्या शाळेत भरलेल्या त्या शिबिरात पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी जोड्या लावून दिल्या. एक मुलगी नर्सिंगच्या वर्गातली, एक अध्यापिका वर्गातली. नर्सबाईनं देवी टोचायच्या, मास्तरीणबाईनं लोक गोळा करायचे, त्यांना समजवायचं, नावं लिहायची आणि लसीच्या नळ्यांचं मडकं सांभाळायचं. दोघींत मिळून एकच वही, आणि रोजच्या पानाखाली दोघींच्या सह्या. पाड्यावर एकटीनं जायचं नाही, हा नियम बाईंनी तीनदा सांगितला. सरकार आता दवाखाना आणि शाळा एका दावणीला बांधणार, असं त्या हसत म्हणाल्या. सगळ्या मुली हसल्या. सरला तेवढी हसली नाही, कारण तिच्या वाट्याला सलीमा आली होती.

सरला तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची, चुनीलालभाईंची मुलगी. घरी केळीचा बाग, कपाशी, दारात बैलांच्या तीन जोड्या. नवरा वारला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माहेरी परत आली ती भावजयीच्या चुलीपुढे बसायला. दोन वर्षं तिथं धूर खाल्ल्यावर तिनं नर्सिंगला जायचा हट्ट धरला, आणि चुनीलालभाईंनी हो म्हटलं ते एका अटीवर. एक वर्ष. पास झालीस तर नोकरी कर, नापास झालीस तर घर आहेच. पुढं सहामाहीच्या प्रात्यक्षिकात सरलाचा हात थरथरला आणि ती नापास झाली. आता या शिबिराचा शेरा चांगला आला तरच तिला वार्षिक परीक्षेला बसता येणार होतं. नाहीतर चूल वाट पाहतच होती. भावजयीनं तर म्हणे तिची बसायची जागा कुणाला दिलेलीसुद्धा नव्हती.

आणि सलीमा? तळोद्याच्या इद्रिस बांगडीवाल्याची पोर. बाप मोलगीच्या आठवडे बाजारात पथारी मांडायचा तेव्हा ही सहा वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी बसायची. भिल्लांची बोली ती घरच्यासारखी बोलायची. अर्ध्या डोंगरातल्या बायकांचे हात तिनं हातात घेतलेले होते, आणि त्या बायकाही तिला ओळखत होत्या. कुठल्याही पाड्यावर पाऊल टाकलं की पोरंटोरं ओरडत यायची आणि म्हाताऱ्या तिच्या गालावरून हात फिरवायच्या. सरला आपला टोचायच्या सामानाचा पत्र्याचा डबा धरून उभी. तिला कुणी खाट टाकली तर टाकली.

पहिल्या दिवशी सरलाला वाटलं, चला, आपलं काम सोपं झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं, ही जरा जास्तच मिरवते. तिसऱ्या दिवशी तिला सलीमाचं हसणंही सहन होईना.

त्याला कारणही घडलं. कमलीबाई नावाची एक म्हातारी टोचून घ्यायला तयार नव्हती. सरलानं तिचं मनगट पकडलं तशी तिनं हिसडा देऊन सोडवून घेतलं आणि लसीचा थेंब मातीत पडला. सलीमानं मडकं खाली ठेवलं, म्हातारीच्या शेजारी बसली, तिच्या बोलीत काहीतरी कुजबुजली आणि बोलता बोलता तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं तळवा हळूहळू दाबत राहिली, बांगडी चढवताना दाबतात तसा. म्हातारीचा हात कणकेसारखा मऊ पडला. सलीमानं तिची कथलाची कडी वर सारली आणि मानेनंच खूण केली. सरलानं थेंब ठेवला, बारीक दातांची चकती टेकवून फिरवली, झालं. म्हातारीला कळलंही नाही.

"हात असा दाबीसन नई धरतस, सरलाबेन," सलीमा सहज म्हणाली. "त्याले आधी आपला करना पडस."

तिनं सहजच म्हटलं होतं. पण सरलाच्या अंगाचा तिळपापड झाला. टोचलं कुणी? चकती कुणाची? वर्षभर रात्रीचा दिवस करून शरीराची हाडं पाठ कुणी केली? आणि उठताना कमलीबाईनं आशीर्वाद दिला तो सलीमाला. सरलाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून सरला मोजायला लागली. आज सलीमाला किती जणींनी हाक मारली, कुणी मोहाची फुलं दिली, कुणी पोर मांडीवर दिलं. सलीमाला काही पत्ता नव्हता. ती आपली भाकरीचा अर्धा तुकडा मोडून सरलापुढे ठेवायची, तिच्या पायातला काटा काढायची. त्यानं तर सरला अधिकच जळायची. वाईट वागली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई पाहणीला आल्या. वही चाळली. म्हणाल्या, तुमची जोडी सगळ्यांत पुढे आहे. सरलाचा चेहरा फुलला. मग बाई सलीमाकडे वळून म्हणाल्या, की हिच्यासारखी एकेक मुलगी प्रत्येक जोडीला मिळाली असती तर सगळा डोंगर महिन्यात उरकला असता. त्या सरलाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांना चटकन काही आठवलं नसेल, एवढंच. पण सरला दिवसभर जेवली नाही, आणि विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली. दुखत होतं हे खरंच.

राहिला होता एकच पाडा, चैत्या पाटलाचा, दोन तासांच्या चढावरचा. सरलानं ठरवलं, हा आपण एकटीनं करायचा. चैत्याला बाजारापुरती अहिराणी येत होती, तेवढी पुरे. वहीत एक तरी पान असं असू दे की ज्यात सलीमाचा हात नाही. सकाळी सलीमा नदीवर गेली होती. मडकं तिच्या वळकटीपाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. मडकं काखोटीला मारून निघावं तर वाटेतच नदी, आणि सलीमानं दुरूनच ओळखलं असतं. म्हणून सरलानं मडक्यातल्या नळ्या तेवढ्या काढल्या, आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि नदीच्या वरच्या अंगानं झाडांआडून निघाली.

लस थंड राहिली पाहिजे, हे तिला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिनं ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलेलं होतं. पण होळी पंधरा दिवसांवर आली होती, सकाळची हवा गार होती, आणि दोन तासांत काय होतंय, असं तिनं मनाला सांगितलं. मन तयारच बसलं होतं. चढावर ऊन तापलं, पत्रा तापला. सरलाला मात्र आपण एकटीनं चाललोय याचाच आनंद एवढा, की डबा हाताला चटकला तेव्हा तिनं फक्त हात बदलला.

पाड्यावरच्या बायकांनी आधी तिच्या मागं पाहिलं. बांगडीवाली कुठं आहे, असं चैत्यानं त्यांच्या वतीनं विचारलं. येतेय, मागून येतेय, असं सरलानं सांगितलं. त्या नावावर बायकांनी हात पुढे केले. एकतीस जणांना टोचून सरला उतरली तेव्हा तिला धावावंसं वाटत होतं. हात एकदाही थरथरला नव्हता.

सलीमा शाळेच्या ओट्यावर रिकामं मडकं मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली नाही. नळ्या कशात नेल्या, एवढंच तिनं विचारलं. सरलानं डबा दाखवला. सलीमानं त्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. मग सरलानं वही पुढे केली. एकच सही असलेलं पान बाईंना चाललं नसतं. सलीमानं ते पान वाचून काढलं आणि खाली आपलं नाव लिहिलं.

आठ दिवसांनी तपासणी झाली. टोचलेल्या जागी फोड उठला तर लस लागली, नाही उठला तर नाही. डॉक्टरीणबाई या जोडीला घेऊन पाड्यापाड्यांवर फिरल्या. सगळीकडे बायका दंड आणि मनगटं दाखवत होत्या, सगळीकडे टपोरे फोड. बाई खूश होत्या. शेवटी चैत्याचा पाडा. पहिला हात कोरा. दुसरा कोरा. एकतीस हात पाहून झाले, आणि एकावरही साधा लाल ठिपका नव्हता.

सरलाच्या तोंडचं पाणी पळालं. चूल, भावजय, बापाचं गप्प तोंड, सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. बाई वही उघडून विचारत होत्या, की त्या दिवशी लस कुणाकडे होती.

"माझ्याकडे होती, बाई," सलीमा म्हणाली. शाळेतली शुद्ध भाषा तिनं जपून वापरली. "मडक्यावरचं फडकं वाळलं. मी लक्ष दिलं नाही. सरलाबेनची चूक नाही."

सरलानं श्वास सोडला. सुटले, असं वाटलं. ते वाटणं जेमतेम दोन क्षण टिकलं. कारण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सलीमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चूक मोठी आहे, पोरी. पण जोडीदारणीवर ढकलली नाहीस. असं माणूस मला दहा वर्षांत दिसलं नाही."

दहा वर्षांत! सरलाच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे लस वाया गेली तरी कौतुक हिचंच? बायका हिच्या, बोली हिची, पुढे राहणं हिचं, आणि आता माझी चूकसुद्धा हिचीच? माझं म्हणून या डोंगरात एवढी एकच गोष्ट होती, तीही हिनं उचलावी आणि वर शाबासकी घ्यावी? आपण काय गमावतोय याचा विचार तिनं केलाच नाही. तिला फक्त तो खांद्यावरचा हात काढायचा होता.

"खोटं बोलतेय ती," सरला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही परका वाटला. "ती आलीच नव्हती. मी एकटी आले. नळ्या पत्र्याच्या डब्यातून आणल्या. तिला न सांगता आणल्या."

बाईंचा हात खांद्यावरून निघाला. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, मग खाटेवर बसून वहीत बराच वेळ लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. सरलाबाई : नियम मोडला, चूक गंभीर, एकतीस जणांना पुन्हा टोचावे. परंतु दोष दुसरीवर जात असता स्वतः सत्य सांगितले, परीक्षेस बसू देण्यास हरकत नाही. सलीमा : काम उत्तम, परंतु न केलेल्या कामाखाली सही केली व तपासणीत खोटे सांगितले, सबब शिबिराचा पहिला क्रमांक देता येत नाही. खोट्या नोंदीनं माणसं मरतात, असं बाई सलीमाला म्हणाल्या. सलीमानं मान हलवली. मग बाई सरलाकडे वळल्या आणि तुझ्यात हिंमत आहे म्हणाल्या. या शब्दांसाठी सरला दोन आठवडे तडफडली होती. आता ते ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नव्या नळ्या घेऊन दोघी पुन्हा तो चढ चढत होत्या. मडकं सलीमाच्या डोक्यावर. अर्ध्या वाटेवर सलीमा पुढे पाहतच म्हणाली,

"तू मन्हासाठी नई बोलनी काल. माले माहीत शे."

ते नाकारायला सरलाच्या तोंडाशी दहा सबबी आल्या. बाईंना फसवलं होतं, साऱ्या शिबिराला फसवलं होतं. हिला फसवता येणार नव्हतं. "नई," ती म्हणाली. "तुन्हा हेवा वाटे माले. काल बी त्यानाच मुळे बोलनू."

सलीमा थांबली नाही. तुझी चूक मी का घेतली, ते तरी विचार, असंही म्हणाली नाही. ती चढत राहिली आणि सरला तिच्या मागं.

पाड्यावर बायका जमल्या. पुन्हा का टोचायचं म्हणून त्या चिडलेल्या होत्या. एक तर पोर काखेत मारून परत निघाली. सलीमा त्यांच्याशी खूप वेळ बोलली. बोलता बोलता बायका सरलाकडे पाहू लागल्या, आणि सरला समजली की आता आपली गत काय होणार. झालं सांगून, ही बाई उन्हात लस घेऊन आली, हिनं तुम्हाला फसवलं. सांगू दे. खरंच आहे.

"काय सांगं तू त्यासले?" तिनं शेवटी विचारलं.

सलीमा मडक्यावरचं फडकं पिळून पुन्हा गुंडाळत होती.

"मी सांगं, आम्हना दोन्हीसना हातथून चूक व्हयनी," ती म्हणाली. "चल, नळी फोड. ऊन चढी ऱ्हायनं."

सरला नेहमीसारखी वाट पाहत राहिली, की आता पोटात ती आग उठेल. ती उठली नाही. त्याऐवजी डोळे भरून आले आणि हातातली नळी दिसेनाशी झाली. पहिली बाई खाटेवर येऊन बसली होती; मागच्या वेळी सरलानं तिचं नाव वहीत लिहिलं होतं, पण आता ते आठवत नव्हतं. सरलानं डोळे पुसले, तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेण्याआधी सलीमाकडे पाहून विचारलं, की हिचं नाव काय.